लुसिटानिया बुडाली १९१५ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली १९१७ मध्ये. मधल्या काळात नेमकं काय झालं?

पानाआड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतेय.

शाळेपासून एकच वाक्य ऐकत आलोय: जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही इंग्लंडची प्रवासी बोट बुडवली म्हणून अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तारखा शेजारी शेजारी मांडून बघितल्या तर हे काही जुळत नाही. बोट बुडाली ७ मे १९१५ ला. युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. जवळजवळ दोन वर्षं! एवढा वेळ कोणाचा राग टिकतो? बरं, याच्या मध्येच नोव्हेंबर १९१६ ची निवडणूक येते, आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन 'यांनी आपल्याला युद्धापासून लांब ठेवलं' या प्रचारावर निवडून येतात. मग पुढच्या पाच महिन्यांत असं काय घडलं?

अमेरिका हे निमित्त आहे. एखादा देश पहिल्याच दिवशी सांगतो की आम्ही कोणाच्याच बाजूने नाही, तिथल्या बहुतेकांनाही लढाई नको असते, आणि तरी तो ओढला जातो. हे ठरवतं कोण? तो देश, लढणारे, की पैसेवाले? जाणकारांनी सविस्तर लिहावं. नुसत्या लिंका नकोत, त्या मलाही सापडतात.

खडूस

उत्तर सोपं आहे. पैसा.

ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते ब्रायन. त्यांचं म्हणणं, लढणाऱ्यांना कर्ज द्यायचं नाही, कारण पैसा हा सगळ्यात वाईट निषिद्ध माल (म्हणजे युद्धात शत्रूकडे जाऊ द्यायचा नाही असा माल). वर्षभरात हे धोरण हळूहळू गुंडाळलं गेलं. जानेवारी १९१५ पासून मॉर्गन बँक अमेरिकेत ब्रिटनची खरेदीदार. ऑक्टोबर १९१५ मध्ये इंग्लंड-फ्रान्सला मिळून ५० कोटी डॉलरचं कर्ज. १९१७ च्या एप्रिलपर्यंत दोस्त राष्ट्रांना दिलेली कर्जं २३० कोटींच्या आसपास, आणि जर्मनीला जेमतेम पावणेतीन कोटी. मालाचंही तेच. दोस्तांना जाणारी निर्यात दोन वर्षांत सुमारे ८२ कोटींवरून ३२० कोटींवर गेली, जर्मनीला जाणारी जवळपास शून्यावर आली.

एवढं उधार दिल्यावर ऋणको हरून कसं चालेल? पुढे १९३४ मध्ये सिनेटर नाय यांच्या समितीने हेच उकरून काढलं, आणि त्या रागातून १९३५ पासून तटस्थतेचे कायदे झाले. बाकी लोकशाही, मानवता वगैरे भाषणापुरतं.

दर्यावर्दी

खडूस यांचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो.

मी आयुष्यभर जहाजांवर नोकरी केली, आता किनाऱ्याला लागलोय. त्यामुळे माझं सगळं बघणं डेकवरून असतं हे आधीच सांगून टाकतो. मंत्रिमंडळात कोण काय बोललं त्यापेक्षा जहाज कुठे अडवलं, कोणी अडवलं आणि कागद काय दाखवले, यात मला जास्त रस.

पैशाचंच आधी बघू. नोव्हेंबर १९१६ च्या शेवटी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, आपल्याच बँकांना जाहीर ताकीद दिली, की ब्रिटनची विनातारण हुंड्यांची कागदं घेताना सांभाळा. लंडनमध्ये घबराट उडाली. विल्सन तेव्हा इंग्रजांवर चांगलेच वैतागलेले होते, कारण जुलैमध्ये इंग्लंडने जर्मनांशी व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची काळी यादी काढली होती. म्हणजे युद्धाच्या चारच महिने आधी पैशाचा दोर अमेरिकेला दोस्तांपासून लांब ओढत होता. सावकाराने ढकललं असतं तर ते या वेळी दिसायला हवं होतं. दिसतं उलटंच.

आता समुद्राकडे या. जुना नियम असा, की व्यापारी जहाज दिसलं तर युद्धनौकेने ते थांबवायचं, माणसं पाठवून कागद तपासायचे, होल्ड उघडून माल बघायचा. निषिद्ध माल असेल तर जहाज बंदरात न्यायचं. बुडवणं भागच असेल तर आधी खलाशी आणि प्रवासी सुखरूप उतरवायचे. हा नियम क्रूझरसाठी ठीक होता. पाणबुडीचं पत्र्याचं अंग, आत मोजकी माणसं, वर आली की एखादी छोटी तोफही तिला पुरे. ती झडतीला माणसं कुठून काढणार, आणि शे-दोनशे लोकांना घेणार कुठे? इंग्रजांनी मुद्दाम साध्या मालवाहू जहाजांवर झाकलेल्या तोफा बसवून पाणबुड्यांना फसवायला सुरुवात केली, तेव्हा तर जर्मन कप्तानांनी वर येणंच सोडलं.

आणि एक विसरू नका. तटस्थांचे हक्क आधी तुडवले ते इंग्रजांनी. नोव्हेंबर १९१४ मध्ये अख्खा उत्तर समुद्र लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर केला. जर्मनीला जाणारं धान्यसुद्धा निषिद्ध ठरवलं. अमेरिकी जहाजं आठवडेच्या आठवडे बंदरात डांबून ठेवली. अमेरिकेने निषेधाची पत्रं लिहिली, इंग्रजांनी गोड भाषेत उत्तरं दिली. फरक एवढाच, की इंग्रज माल अडवत होते आणि जर्मन माणसं मारत होते. माल अडवला तर दावा लावता येतो, भरपाई मागता येते. लुसिटानियावर ११९८ माणसं गेली, त्यातले १२८ अमेरिकी. त्याची भरपाई कशी मागणार? (त्याच बोटीच्या पोटात रायफलच्या काडतुसांच्या पेट्या होत्या हेही खरं. आणि जर्मन वकिलातीने आधी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत इशारा छापला होता, हेही खरं.)

आता पानाआड यांचा प्रश्न, दोन वर्षं का लागली. माझ्या मते अमेरिकेने या काळात एक गाठ स्वतःच्याच हाताने मारली. फेब्रुवारी १९१५ मध्ये, म्हणजे लुसिटानियाच्याही आधी, तिने जर्मनीला कळवलं की आमच्या जहाजांना किंवा माणसांना काही झालं तर तुम्हाला पुरतं जबाबदार धरू. पुढे विल्सननी त्यात भर घातली, की अमेरिकी नागरिक लढणाऱ्या देशाच्या बोटीतून प्रवास करत असला तरी तो सुरक्षितच राहिला पाहिजे. ब्रायनना हे पटेना. आपल्या लोकांना त्या बोटींवर चढू नका म्हणून सांगा, एवढं साधं त्यांचं म्हणणं. त्यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. मार्च १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत ससेक्स नावाच्या फ्रेंच प्रवासी बोटीवर टॉर्पेडो लागला, तेव्हा विल्सननी लेखी बजावलं: हे थांबवलं नाहीत तर राजनैतिक संबंध तोडू. जर्मनीने ४ मे ला कबूल केलं, आणि जवळजवळ नऊ महिने बऱ्यापैकी पाळलंही.

इथेच मेख आहे. 'तुम्ही असं केलंत तर आम्ही तसं करू' हे एकदा लिहून दिलं, की अमेरिका युद्धात कधी उतरणार याची किल्ली बर्लिनच्या खिशात गेली. लोकांना युद्ध नको होतं, विल्सनना नको होतं, निवडणूकही त्यावर जिंकली. पण दिलेला शब्द गिळायचा तर महासत्ता म्हणून तोंड दाखवायला जागा उरत नाही.

किल्ली फिरली ९ जानेवारी १९१७ ला, प्लेस इथल्या वाड्यात, जर्मन सम्राट कैसरसमोर. नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फनी मांडलेला हिशेब थोडक्यात असा: महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली तर इंग्लंड पाच महिन्यांत शरण येईल. तटस्थ जहाजंही भीतीने समुद्रात उतरणार नाहीत. अमेरिका चिडेल? चिडू दे. आजच ती दोस्तांना धान्य, दारूगोळा, पैसा सगळं पुरवतेय. उघड शत्रू झाली तर पाच महिन्यांत जास्त काय करणार? तिचं सैन्य ते केवढं, आणि ते अटलांटिक ओलांडणार कधी? चॅन्सेलर बेथमान-होलवेग आधीपासून विरोधात होते. त्या दिवशी त्यांनीही मान तुकवली.

म्हणजे खडूस म्हणतात तो व्यापार महत्त्वाचा आहेच, पण त्याने काम वेगळ्या वाटेने केलं. अमेरिका एका बाजूला एवढी झुकली, की तिच्या तटस्थ राहण्यात जर्मनीला जपण्यासारखं काही उरलं नाही. तटस्थता टिकते ती दोन्हीकडच्यांना तिचा काही उपयोग असेपर्यंत. एका बाजूच्या वहीत तुमच्या नावासमोर शून्य पडलं, की तुम्ही कितीही शांत बसा.

आता एक गंमत, म्हणजे तेव्हा ती कोणाला गंमत वाटली नसणार. ३१ जानेवारीला जर्मनीने अमेरिकेला कळवलं, की उद्यापासून इंग्लंडभोवती दिसेल ते जहाज बुडवू. सोबत एक सवलत दिली. अमेरिकेची आठवड्याला एक प्रवासी बोट जाऊ शकेल, फक्त इंग्लंडच्या फालमथ बंदरात. ती रविवारी पोचली पाहिजे आणि बुधवारी सुटली पाहिजे. अंगावर एकेक मीटर रुंदीचे तीन उभे पट्टे, पांढरे आणि लाल. प्रत्येक डोलकाठीवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा मोठा झेंडा. कुठल्याही स्वाभिमानी देशाच्या कप्तानाला हे वाचून काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो. आपलं जहाज कोणत्या वारी कोणत्या बंदरात लागावं आणि त्याला कोणता रंग द्यावा, हे परका देश सांगतोय! माझ्या मते त्या कागदाने जेवढं डोकं फिरवलं असेल तेवढं दहा अग्रलेखांनी फिरवलं नसेल.

३ फेब्रुवारीला संबंध तुटले. तरी युद्ध नाही. अमेरिकी मालकांनी जहाजं बंदरातच बांधून ठेवली, धक्क्यांवर माल साचला, मागे रेल्वेच्या वाघिणी अडकल्या. व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचं विधेयक आलं, ते मूठभर सिनेटरांनी बोलत राहून अडवलं. १ मार्चला झिमरमान यांची तार छापून आली. जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोला देऊ केलेला सौदा: आमच्या बाजूने या, टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवा. ती तार जर्मनांनी अमेरिकेच्याच केबलवरून पाठवली होती, शांततेच्या बोलण्यांसाठी म्हणून मिळालेल्या सोयीतून. लंडनमध्ये इंग्रज ती वाचत बसले होते. पुष्कळांना ती बनावट वाटली, तर दोन दिवसांनी झिमरमान साहेबांनी स्वतःच कबूल करून टाकलं. १६ ते १८ मार्चच्या दरम्यान व्हिजिलान्सिया, सिटी ऑफ मेम्फिस आणि इलिनॉय ही तीन अमेरिकी जहाजं बुडाली. २० तारखेला विल्सनच्या मंत्रिमंडळात एकही आवाज विरोधात उरला नव्हता. मग युद्धाच्या ठरावावर मतदान: सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, खालच्या सभागृहात ३७३ विरुद्ध ५०.

अवांतर: १९८० च्या दशकात इराण-इराक लढाईत दोघं एकमेकांचं तेल अडवायला तिऱ्हाइतांचे टँकर फोडत होते, तेव्हा मी आखातात एका टँकरवर सेकंड मेट होतो. आमच्या कप्तानाने डेकवर भलामोठा झेंडा रंगवून घेतला. बोसन रंगाचा डबा घेऊन मला म्हणाला, "साहेब, क्षेपणास्त्र रडारवर बघतं, त्याला रंग कुठला दिसतोय?" त्याचं खरंच होतं. रात्री दिवे बंद करून सौदी किनाऱ्याला चिकटून जायचो. लंडनच्या विमेवाल्यांचे वॉर रिस्कचे दर बघितले की पुढच्या आठवड्यात कुठे आग लागणार ते वर्तमानपत्राच्या आधी कळायचं.

अक्षांश

दर्यावर्दी काका, प्रतिसाद जबरदस्त. वाचनखूण साठवली.

तरी एक खटकतं. तुमचं सगळं सूत्र मोठ्या, लांबच्या, व्यापारी देशाला लागू पडतं. बेल्जियमने कोणतं पत्र लिहिलं होतं? कोणाला कर्ज दिलं होतं? १८३९ च्या लंडन करारात सगळ्या बड्या सत्तांनी सह्या करून त्याची तटस्थता मान्य केली होती, त्यात प्रशियाही होता. बेल्जियमने ती किती काटेकोर पाळावी? १९१४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या सैन्याची तुकडीवार मांडणीच अशी होती, की एक जर्मनीकडे तोंड करून, दोन फ्रान्सकडे, आणि एक चक्क इंग्लंडच्या दिशेला. कोणावरही संशय घेतला असं दिसू नये म्हणून सगळ्यांवर सारखाच घेतला!

२ ऑगस्टला संध्याकाळी सातच्या सुमारास जर्मन वकिलाने खलिता दिला. फ्रान्स तुमच्यातून घुसणार आहे, म्हणून आम्हाला वाट द्या, नुकसान भरून देऊ, युद्ध संपल्यावर निघून जाऊ. उत्तराला बारा तास. राजा आल्बर्टने नकार दिला. ४ तारखेला जर्मन फौजा सरहद्द ओलांडून लिएजकडे निघाल्या आणि त्याच रात्री इंग्लंड युद्धात आलं.

इथे वही नाही, हिशेब नाही. फ्रान्सच्या सरहद्दीवर किल्ले होते, बेल्जियमचा रस्ता सपाट होता, आणि तो रस्ता बर्लिनच्या योजनेत वर्षानुवर्षं आखलेला होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसलाच प्रकार.

पानाआड

काका, 'किल्ली बर्लिनच्या खिशात' हे एकदम पटलं. मी आतापर्यंत उलटं समजत होते, की कडक इशारा दिला की युद्ध टळतं.

अक्षांश, मग शेजारचा हॉलंड कसा सुटला? नकाशात तोही तिथेच आहे, तोही सपाट.

दर्यावर्दी

हॉलंड सुटला तो बर्लिनच्या वहीमुळेच. मूळ आराखड्यात जर्मन फौजा हॉलंडच्या दक्षिण टोकातूनही जाणार होत्या. जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेंनी तो भाग काढून टाकला. इंग्रज नाकेबंदी करणार हे त्यांना दिसत होतं, आणि तटस्थ हॉलंडच्या बंदरांतून जर्मनीला श्वास घेता येईल असा त्यांचा विचार होता. त्यांनी श्वासनलिका हाच शब्द वापरला होता. बेल्जियमची तटस्थता त्यांना अडचणीची होती, हॉलंडची उपयोगाची.

इंग्रजांना अर्थात हे पसंत नव्हतं. मग डच व्यापाऱ्यांनी १९१४ च्या शेवटी एक खासगी संस्था काढली, नेदरलँड्स ओव्हरसी ट्रस्ट. समुद्रमार्गे येणारा माल तिच्या नावावर यायचा आणि तो पुढे जर्मनीला जाणार नाही याची हमी ती इंग्रजांना द्यायची. सरकारने दिली असती तर ती पक्षपाताची ठरली असती. व्यापाऱ्यांनी दिली, म्हणून सरकार नामानिराळं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून चार वर्षं उभं राहायचं म्हणजे अशी कसरत लागते.

आणि फुकट काही मिळालं नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये फालमथहून निघालेल्या डच जहाजांच्या ताफ्यावर एकाच जर्मन पाणबुडीने एका दिवसात हल्ला करून त्यातली बहुतेक बुडवली. मार्च १९१८ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडने आपापल्या बंदरांत असलेली डच जहाजं सरळ ताब्यात घेतली. म्हणजे दोघांनीही मारलं. नॉर्वेचं तर विचारूच नका. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहूनही त्यांचे सुमारे २००० खलाशी मेले आणि व्यापारी ताफ्याचा जवळपास निम्मा भाग समुद्राच्या तळाशी गेला. लुसिटानियावर मेलेल्या अमेरिकनांच्या कितीतरी पट. तरी नॉर्वे उतरला नाही, कारण उतरून करणार काय? म्हणून मी म्हणतो, 'अमुक बोट बुडवली म्हणून तमुक देश चिडला' हे वाक्य शाळेपुरतं ठीक आहे. चिडायला अंगात बळ लागतं.

अक्षांश, बेल्जियमबद्दल तुमचं मान्य. मी फक्त म्हणेन की तिथेही हिशेब होताच, फक्त बेल्जियमला त्यात बोलायला जागा नव्हती.

आता एक वेगळा नमुना, माझा सगळ्यात आवडता. तुर्की. ऑटोमन साम्राज्याने इंग्लंडमध्ये दोन मोठ्या युद्धनौका बांधायला दिल्या होत्या, सुलतान उस्मान आणि रेशादिये. पैसे लोकवर्गणीतूनही जमवलेले. तुर्की खलाशी ताबा घ्यायला इंग्लंडमध्ये जाऊन पोचलेले. ऑगस्ट १९१४ च्या सुरुवातीला चर्चिलच्या नौदल खात्याने दोन्ही जहाजं जप्त केली. इस्तंबूलमध्ये काय संताप उसळला असेल! आठवड्याभरातच, १० ऑगस्टला, इंग्रजांना हुलकावणी देत दोन जर्मन युद्धनौका दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी आल्या, गोबेन आणि ब्रेस्लाऊ.

१९०७ च्या हेगच्या नियमाप्रमाणे लढणाऱ्या देशाची युद्धनौका तटस्थ बंदरात साधारणपणे चोवीस तास थांबू शकते. नंतर एक तर निघा, नाहीतर तोफा-बिफा उतरवून युद्ध संपेपर्यंत नजरकैदेत राहा. तुर्कांनी तिसरीच वाट काढली. जहाजं आम्ही विकत घेतली म्हणून जाहीर केलं. गोबेनचं नाव यावुझ सुलतान सेलीम झालं. खलाशी तेच जर्मन, डोक्यावर फक्त लाल फेझ टोप्या आल्या. अ‍ॅडमिरल सूशॉन, ज्यांनी ती जहाजं आणली होती, तेच तुर्की आरमाराचे प्रमुख झाले.

तुर्कीचे युद्धमंत्री एन्वर पाशांनी २ ऑगस्टलाच जर्मनीशी गुप्त करार केलेला होता, पण मंत्रिमंडळातल्या बऱ्याच जणांना युद्ध नको होतं, काहींना तर त्या कराराचा पत्ताही नव्हता. तीन महिने टोलवाटोलवी चालली. शेवटी २९ ऑक्टोबरला सूशॉननी तुर्की झेंड्याखाली काळ्या समुद्रात जाऊन ओडेसा, सेव्हास्तोपोल वगैरे रशियन बंदरांवर तोफा डागल्या. काही मंत्र्यांनी राजीनामे दिले. रशियाने २ नोव्हेंबरला युद्ध पुकारलं. एक परका अ‍ॅडमिरल, उसन्या टोपीतले खलाशी आणि एक सकाळ. संसदेत मतदान नाही, काही नाही. तुमच्या बंदरात परकी युद्धनौका चोवीस तासांपेक्षा जास्त राहिली, की मी तरी त्या देशाला तटस्थ मानत नाही.

खडूस

काका, फेडरल रिझर्व्हच्या ताकिदीचा मुद्दा मला माहीत होता, पण ती ताकीद टिकली किती? युद्ध पुकारण्याआधीच मार्चमध्ये ती मागे घेतली म्हणा किंवा निष्प्रभ झाली म्हणा, एप्रिलपासून अमेरिकी सरकार स्वतःच दोस्तांना उधार द्यायला लागलं. मी माझ्या पैशावर ठाम आहे.

आणि 'ओढला गेला' या सदरात इटलीला कोणी घुसवू नका. १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाचा मित्र. १९१४ मध्ये तटस्थ. मग दोन्हीकडे भाव विचारत फिरले. ऑस्ट्रिया थोडी जमीन द्यायला तयार होती, दोस्तांनी ऑस्ट्रियाचीच जास्त जमीन देऊ केली. २६ एप्रिल १९१५ ला लंडनमध्ये गुप्त करार, २३ मे ला ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध. मध्ये माजी पंतप्रधान जोलित्ती रोमला आले तेव्हा सुमारे तीनशे खासदारांनी त्यांच्या दारी आपली कार्डं ठेवली, म्हणजे आम्ही तुमच्यासारखे युद्धाच्या विरोधात आहोत. काही उपयोग झाला नाही. सहा लाखांच्या आसपास सैनिक गेले. हा सरळ लिलाव होता.

तिखटमीठ

सगळे पहिल्या महायुद्धातच अडकलात. कंबोडिया घ्या की.

तिथले राज्यप्रमुख सिहानूक यांनी पंधरा वर्षं तटस्थतेचा घोष केला. पण उत्तर व्हिएतनामचं सैन्य त्यांच्या पूर्व सीमेवर तळ ठोकून होतं आणि सिहानूकव्हिल बंदरातून त्याला रसद जात होती. सिहानूकना हे माहीत होतं, हाकलायची ताकद नव्हती. १८ मार्च १९६९ पासून अमेरिकेने तिथे बी-५२ विमानांनी गुप्तपणे बाँब टाकायला सुरुवात केली. गुप्त म्हणजे किती, तर लष्कराच्या स्वतःच्या नोंदींत ते बाँब दक्षिण व्हिएतनाममध्ये पडले असं लिहिलं जाई. बरोबर एका वर्षाने, १८ मार्च १९७० ला, सिहानूक परदेशात असताना पंतप्रधान लोन नोल यांच्या गटाने त्यांना पदच्युत केलं, आणि एप्रिल संपता संपता अमेरिकी आणि दक्षिण व्हिएतनामी फौजा आत शिरल्या.

व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसविषयीच्या १९५४ च्या जिनिव्हा करारावर देखरेख करायला आंतरराष्ट्रीय आयोग होता. अध्यक्ष भारत, सोबत कॅनडा आणि पोलंड. शेजारच्या लाओसच्या तटस्थतेवर तर जुलै १९६२ मध्ये जिनिव्हात वेगळ्या सह्या झाल्या होत्या, आणि उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेला नेणारी हो ची मिन्ह वाट त्याच लाओसमधून जात राहिली. म्हणून मला वाटतं, समुद्रावरचा तटस्थ देश निदान पत्रं तरी लिहू शकतो. ज्याच्या जंगलातून दुसऱ्याची वाट जाते त्याने काय करावं?

पानाआड

बाप रे, बरंच मिळालं. खडूस आणि काका, तुमचं दोघांचं जुळणार नाही असं दिसतंय, पण मला दोन्ही उपयोगी पडलं.

शेवटचं एक. काका, आखातातल्या त्या टँकरच्या लढाईत अमेरिका मग उतरलीच ना? आणि पोर्तुगालबद्दल कोणी काहीच बोललं नाही. तेही १९१६ मध्ये का आले कळत नाही.

दर्यावर्दी

उतरली, अर्धवट. कुवेत तटस्थ म्हणवत इराकला पैसे पुरवत होता, म्हणून इराण त्याच्या टँकरांवर उठला. कुवेतने टँकरांवर अमेरिकेचा झेंडा चढवून घेतला आणि संरक्षण मागितलं. मे १९८७ मध्ये इराकी क्षेपणास्त्राने अमेरिकेच्या स्टार्क या युद्धनौकेवर ३७ नौसैनिक मेले, आणि अमेरिका आणखी आत शिरली ती इराणच्या विरोधात! जुलैमध्ये पहिल्याच ताफ्यात ब्रिजटन टँकर सुरुंगावर गेला. त्यानंतर संरक्षणाला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे रांगेत लागल्या, कारण सुरुंग सोसायला अजस्र टँकरच बरा. आम्हा टँकरवाल्यांना हे ऐकून पुष्कळ दिवस हसू येत होतं. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेने इराणची सहंद ही युद्धनौका बुडवली. ३ जुलैला तर इराणचं प्रवासी विमानच पाडलं, २९० माणसं. त्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

पोर्तुगालचं थोडक्यात. युद्ध सुरू झालं तेव्हा बरीच जर्मन व्यापारी जहाजं इंग्रजांच्या भीतीने लिस्बनच्या ताग्युस नदीत येऊन नांगर टाकून बसली. दीड वर्ष तशीच. इंग्लंडला जहाजांची टंचाई पडली, त्यांनी पोर्तुगालला जुन्या मैत्रीची आठवण करून दिली. फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालने ती जहाजं ताब्यात घेतली. तिथल्या प्रजासत्ताकवाल्यांना युद्धात जायचंच होतं, आफ्रिकेतल्या वसाहती सांभाळायला, त्यामुळे कोणाला फार ओढाताण करावी लागली नाही. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. जप्त केलेल्या जहाजांपैकी बरीचशी पोर्तुगालने पुढे इंग्लंडलाच भाड्याने दिली.